दुआ, दवा आणि साखळी

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगावच्या मध्ये आमचे कळंब आहे. या भागातून ओझर, लेण्याद्री आणि भीमाशंकरला भाविक जातात, तसेच नवस फेडायला खेडशिवापूर आणि हाजीमलंगला जाणारेही असतात. कोणाला मूल हवे असते, तर कोणाच्या घरातले माणूस भ्रमिष्टासारखे वागत असते. अशा माणसाला 'बाहेरचे काही लागले' म्हणून दर्ग्यावर न्यायची रीत जुनी आहे आणि ती केवळ मुसलमानांची नाही.

कल्याणजवळच्या हाजीमलंग दर्ग्याची वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. उरूस माघ पौर्णिमेला भरतो. हे देवस्थान संमिश्र असून त्याचा कारभार त्याच्या स्वतःच्या रूढींप्रमाणे चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली म्हटले होते. दुखणे घेऊन येणाऱ्याला इथे कोणी धर्म विचारत नाही.

ही आपल्या लोकांचीच अंधश्रद्धा, असे हिणवणाऱ्यांनी ब्रिटन-आयर्लंडचा इतिहास पाहावा. वेल्समधल्या सेंट विनिफ्रेडच्या झऱ्यावर आजारी माणसे शेकडो वर्षे येत आहेत. कॉर्नवॉलमध्ये मॅड्रनच्या झऱ्याजवळच्या झाडांना लोक आजही चिंध्या बांधतात. आपण जाळीला दोरा बांधतो तशाच. राजा आठव्या हेन्रीच्या काळात, 1538 साली, कँटरबरी आणि वॉल्सिंगहॅमची तीर्थस्थाने उद्ध्वस्त झाली, तरी लोकांचे झऱ्यांवर जाणे थांबले नाही. आयर्लंडच्या केरी परगण्यात तर 'वेड्यांची दरी' अशा अर्थाच्या नावाची एक दरीच आहे. तिथले पाणी प्यायल्याने वेड बरे होते, अशी समजूत होती.

स्कॉटलंडमधली सेंट फिलनच्या डोहाची रीत मात्र अंगावर काटा आणते. मनोरुग्णाला डोहात बुडवून काढत आणि रात्रभर जुन्या चर्चमध्ये बांधून ठेवत. सकाळी गाठी सुटलेल्या दिसल्या, तर तो बरा होणार असे मानत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होते.

बांधून ठेवण्याची ही रीत आपल्याकडे त्यानंतरही उरली. तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी घरे होती. 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे त्यांतल्या एका घराला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळता आले नाही. 28 जीव गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर स्पष्ट बंदी घातली आहे.

दर्ग्यावर मागणे मागावे की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. कोणी त्याला शिर्क म्हणतात, कोणी वसीला. तो वाद आलिमांनी करावा. पण आजारावर औषध घ्या, ही पैगंबर साहेबांची (स.) शिकवण दोन्ही बाजूंना मान्य आहे. आपल्या पूर्वजांनी ती आचरणातही आणली. तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान दुसऱ्या बायजीदने 1488 साली पूर्ण केलेल्या संकुलात मशीद आणि रुग्णालय शेजारी शेजारी होते. तिथे मनोरुग्णांवर संगीत आणि वाहत्या पाण्याच्या आवाजानेही उपचार होत. एका अंगणात नमाज, दुसऱ्यात हकीम!

याच वाटेने गुजरातमधला उनावा गेला आहे. मीरा दातार दर्ग्यावर 2008 पासून 'दवा-दुआ' हा उपक्रम चालतो. मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला तिथल्याच मानसोपचार डॉक्टरकडे पाठवतात. श्रद्धा मोडावी लागत नाही आणि गोळीही चुकत नाही. डॉक्टरचे नाव काढताच बिथरणारे घर मुजावराचा शब्द मोडत नाही, हे यातले खरे मर्म आहे.

महाराष्ट्रातल्या मोठ्या दर्ग्यांच्या विश्वस्तांनी हे करून पाहावे, असे मला मनापासून वाटते. आठवड्यातून एक दिवस डॉक्टर बसेल एवढी एक खोली पुरेशी आहे. दारात येणाऱ्याला परत पाठवायचे नाही, ही दर्ग्याची रीत आहेच. त्याला बांधायचे नाही आणि औषधावाचून ठेवायचे नाही, एवढी भर आपण घालू शकतो.