लैंगिक हिंसाचार प्रतिबंधासाठी अमेरिकेची सरकारी फेलोशिप

लैंगिक हिंसाचाराचा प्रतिबंध आणि अशा गुन्हेगारांचे व्यवस्थापन या विषयांतील तज्ज्ञांना अमेरिकी न्याय विभागाच्या ‘स्मार्ट’ कार्यालयाने फेलोशिप, म्हणजेच अधिछात्रवृत्ती दिल्या आहेत.

२७ जुलै १९८१ रोजी फ्लोरिडात सहा वर्षांच्या ॲडम वॉल्शचे अपहरण करण्यात आले. पुढे त्याची हत्या झाल्याचे उघड झाले. या घटनेला २५ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २००६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्याच्या नावाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ‘स्मार्ट’ची स्थापना याच कायद्यान्वये झाली. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार १५ वर्षे, २५ वर्षे किंवा आजन्म नोंदणी हा कायद्याचा गाभा आहे.

नोंदणीला मर्यादा आहेतच. नाव नोंदले जाते ते दोष सिद्ध झाल्यावर. अत्याचार करणारा मात्र बहुतेकदा पीडित व्यक्तीच्या ओळखीचा आणि पूर्वी कुठेही नोंद नसलेला असतो. त्यामुळे उपचार, देखरेख व प्रतिबंध यांतील जाणकारांना ठरावीक मुदतीसाठी कार्यालयाशी जोडून घेणाऱ्या या फेलोशिपचे मोल नोंदवहीइतकेच आहे.

भारतात लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसंच २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाला. अमेरिकेतील नोंदी बऱ्याच अंशी जनतेसाठी खुल्या आहेत. भारतातील माहिती केवळ तपास यंत्रणांनाच पाहता येते.