लाडबोरीचं कडं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या आकाशात जळते ठिपके रांगेने सरकताना दिसले आणि मोबाइलवर उल्कांच्या गप्पा सुरू झाल्या. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत मात्र धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. जवळच पवनपारला गोळा सापडला.

उल्का इतक्या संथ नसतात. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरताना विरळ हवेच्या विरोधाने तो खाली खाली येत गेला. शेवटी समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापते आणि टप्पा फुटतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं, टायटॅनियमला १,६६८ लागतात. म्हणून रॉकेटमधल्या दाबाच्या टाक्या पुष्कळदा जमिनीपर्यंत टिकतात.

सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. कडं पोलीस ठाण्यात गेलं, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहून गेले. पण ते एखाद्या घरावर पडलं असतं तर? मला हाच प्रश्न जास्त छळतो. १९७२ च्या करारानुसार रॉकेट सोडणारा देश जबाबदार. १९७८ मध्ये सोव्हिएत ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने ३० लाख डॉलर वसूल केले, तेही १९८१ मध्ये. या करारात घरमालकाला थेट दावा करता येत नाही. त्याच्या वतीने सरकारने मागायचं, तेही साधारण वर्षभराच्या मुदतीत.