रात्रीच्या भाकरीची वेळ

गावाकडे आमच्या आजोबांच्या काळी रात्रीच्या जेवणाला घड्याळ नव्हते. गावातली जेवणे दिवेलागणीला उरकायची, मग महारवाड्यातून टोपली घेऊन भाकरी मागायला निघायचे. त्याला बलुतं म्हणायचे, पण पदरात पडायचे ते उरलेसुरले. गाव जेवल्याशिवाय आम्हाला जेवण नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे टाकून द्या असे बजावले, तेव्हा कुठे आमच्या लोकांच्या टोपल्या हळूहळू उतरल्या.

मुंबईत आलो तर वेळ ठरवायला भोंगा! सुरुवातीच्या गिरण्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात मागणी काय, तर सकाळी साडेसहाला काम सुरू करा आणि सूर्यास्ताला सोडा. म्हणजे दिवा लागताना माणूस घरी. पुढे खात्यांत विजेचे दिवे आले नि १९०५ च्या सुमारास चौदा-चौदा तास राबवून घेऊ लागले. १९११ च्या कायद्याने बारा तास झाले. १९४६ साली, मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मांडलेल्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तासांचे ४८ झाले.

तास कमी झाले, पण पाळ्या तीन. पहिली सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिन्ही पाळ्यांची माणसे. पहिल्या पाळीचा काका आठला जेवायचा, रातपाळीचा मामा दहाला. वडील रिंग खात्यात, बहुधा दुसऱ्या पाळीला. ते साडेबाराला यायचे. आई स्टोव्ह पेटवून कालवण पुन्हा गरम करायची. ती स्वतः कधी जेवली ते आम्ही कोणी पाहिले नाही, खरे सांगतो. कामगार चळवळीच्या पुस्तकांत तासांचा हिशोब आहे, तिच्या जागरणाचा कुठे सापडला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. घरातले सगळे प्रथमच आठ वाजता एका पंगतीला बसले. धाकटी बहीण तर खूष! दोन महिन्यांनी पंगत तीच, पण भाकरी अर्धी-अर्धी. आई म्हणायची, मला भूक नाही.

पुढे आम्हीही बदली कामगार म्हणून त्याच खात्यात लागलो, मग गिरणीच बंद पडली. आमचा मुलगा आज गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये कामाला आहे. तो साडेअकराला घरी येतो. त्याची आई जागी असते.