ट्रॉलीमागचा माणूस

भुलीचं औषध येण्याआधी सर्जनचा मदतनीस निवडला जाई तो दंडाची ताकद बघून. रुग्ण पूर्ण शुद्धीवर, पाय कापायचा, आणि करवत थांबेपर्यंत त्याला दाबून धरायचं. कामाचं स्वरूप एवढंच. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी काय काय जवळ मांडून ठेवावं याची लांबलचक यादी दिली आहे : यंत्रं, शस्त्रं, क्षार, अग्नी, कापूस, सूत, पट्ट्या, मध, तूप, पंखा, गार पाणी, ऊन पाणी. वस्तू संपल्यावर माणसं येतात. मायाळू, स्थिर आणि बलवान असे परिकर्मी असावेत, असं ग्रंथकार सांगतो. तिथेही बळ आहेच, पण मायाळूपणाचा नंबर आधी लागला आहे, हे मला फार आवडतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट लिस्टन हा सर्जन त्याच्या झपाट्यासाठी गाजलेला होता. घाईघाईत पाय कापताना त्याने मदतनिसाची बोटंच उडवली, पुढे जखम चिघळून रुग्ण गेला, मदतनीस गेला आणि बघणारा एक जण धसक्यानेच गेला, अशी गोष्ट सर्जन मंडळी अजून रंगवून सांगतात. तिला समकालीन पुरावा काही नाही. मदतनिसाचा जीव किती स्वस्त धरला जाई, हे मात्र ती बरोबर सांगते. याच लिस्टनने २१ डिसेंबर १८४६ रोजी ईथर देऊन एका रुग्णाचा पाय कापला. बॉस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. रुग्ण झोपला आणि धरणाऱ्यांचं काम संपलं. घाईही संपली. घाई संपल्यावर सर्जन पोटात, छातीत, सांध्यात शिरू लागले, हत्यारं वाढली, आणि त्या हत्यारांपाशी कुणीतरी उभं राहण्याची गरज निर्माण झाली.

मग जंतू आले, म्हणजे होतेच, ते लक्षात आले. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या वापरावर लेख लिहिले आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं मदतनिसांच्या हातांची सालटी निघण्यात गेली. हत्यारं कार्बोलिकमध्ये बुडवलेली, हात त्यातच, आणि खोलीत त्याच औषधाचा फवारा. फवारा पुढे लिस्टर यांनी स्वतःच सोडून दिला. हात बुडवणं काही सुटलं नाही.

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ मध्ये सुरू झालं. तिथे विल्यम हॉल्स्टेड हे सर्जन आणि कॅरोलिन हॅम्प्टन ही त्यांच्या शस्त्रक्रियागृहाची प्रमुख परिचारिका. त्या हिवाळ्यात जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने हॅम्प्टनच्या हातांना आणि बाहूंना इतका त्रास झाला की काम सोडायची वेळ आली. हॉल्स्टेड यांनी तिच्या हातांचे प्लास्टरचे साचे घेऊन गुडइयर रबर कंपनीकडे पाठवले आणि पातळ रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे बनवून घेतले. दोन जोड आले. पुढल्या जूनमध्ये दोघांचं लग्न झालं, आणि वैद्यकाच्या इतिहासाला एक प्रेमकथा मिळाली ती कायमची.

प्रेमकथेच्या नादात पुढचा भाग सहसा सांगायचा राहून जातो. लग्नानंतर हॅम्प्टनबाईंनी काम सोडलं. मोजे मात्र राहिले, आणि ते मिळाले हत्यारं हातात देणाऱ्या आणि सुयांमध्ये दोरा ओवणाऱ्या मदतनिसाला, कारण औषधात सर्वांत जास्त वेळ हात त्याचेच. खुद्द सर्जन सुरुवातीला फक्त सांधा उघडायचा असेल तेव्हा मोजे घालत. सगळ्यांनी सरसकट मोजे घालावेत हे हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी लावून धरलं, आणि त्याने हर्नियाच्या शस्त्रक्रियांमधला जंतुसंसर्ग घटतो हे १८९९ मध्ये आकड्यांनिशी मांडलं. तोवर दहा वर्षं उलटली होती. म्हणजे आज सर्जनच्या हाताशिवाय ज्याची कल्पना करवत नाही ती वस्तू आधी हत्यारांच्या ट्रॉलीमागच्या माणसाच्या हातात चढली, आणि तीही रुग्णासाठी नव्हे, त्याची कातडी वाचावी म्हणून.

ट्रॉलीमागे उभं राहून नुसतं देणं होत नाही, दिसतंही. मिनेसोटातल्या रॉचेस्टरमध्ये सेंट मेरीज हॉस्पिटलात मेरी जोसेफ डेम्प्सी या जोगीण १८९० पासून १९१५ पर्यंत विल्यम मेयो यांच्या पहिल्या मदतनीस होत्या. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचं पोट धुऊन तयार करताना काहींच्या बेंबीत त्यांना कडक गाठ लागे, आणि अशा रुग्णाच्या पोटात पुढे पसरलेला कर्करोग निघे. त्यांनी ते मेयोंच्या कानावर घातलं. मेयोंनी १९२८ मध्ये त्यावर लिहिलं. गाठीला सिस्टर मेरी जोसेफ यांचं नाव लागलं ते १९४९ मध्ये, बाई वारल्यानंतर. वैद्यकाचे विद्यार्थी ते नाव अजून पाठ करतात.

हत्यार हातात देणं हे स्वतंत्र काम आहे, हे ठासून सांगणारा माणूस मात्र डॉक्टर नव्हताच. फ्रँक गिलब्रेथ मूळचा गवंडी. वीट रचायला लागणाऱ्या १८ हालचाली त्याने ५ वर आणल्या होत्या, आणि मग जिथे तिथे माणसांच्या हालचाली मोजायचा त्याला छंदच जडला. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे त्याने शस्त्रक्रियांचं चित्रीकरण केलं. त्यात त्याला दिसलं ते असं : सर्जनचा बराच वेळ कापण्या-शिवण्यात नाही, हत्यार शोधण्यात जातो. मान वळवायची, ट्रेमध्ये चाचपायचं, उचलायचं, परत जखमेकडे नजर लावायची. त्याचं म्हणणं, गोल्फ खेळणाऱ्यामागे काठ्यांची पिशवी घेतलेला कॅडी असतो तसा सर्जनला एक द्या. हत्यारं ठरलेल्या क्रमाने मांडा, सर्जनने हात पुढे करावा आणि नाव घ्यावं. (गिलब्रेथला डझनभर मुलं. त्यांचे टॉन्सिल काढतानाही त्याने घरी कॅमेरा लावला होता. चित्रीकरण फसलं, कारण कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण निघालंच नव्हतं.) गवंड्याने ऑपरेशन थिएटरला धडा द्यावा हे तेव्हाच्या सर्जनांना रुचलं नसणार, पण पद्धत रुजली. आज हात पुढे केला की हत्यार येतं, हे सर्जन गृहीतच धरून चालतो.

तरीही हा उभा राहणारा माणूस म्हणजे परिचारिकाच, हे समीकरण दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकलं. युद्धाने ते मोडलं. परिचारिका कमी पडू लागल्या, आणि लढाऊ जहाजांवर तर त्या नव्हत्याच. मग अमेरिकेच्या सैन्याने आणि नौदलाने साध्या शिपायांना, खलाशांना थिएटरचं काम शिकवलं. नौदलातलाच एक, व्हीलर लाइप्स, सीड्रॅगन या पाणबुडीवर होता. सप्टेंबर १९४२ मध्ये डॅरेल रेक्टर नावाच्या तरुण खलाशाचं अपेंडिक्स सुजलं. पाणबुडी शत्रूच्या पाण्यात, डॉक्टर नाही. लाइप्स वैद्यकीय मदतनीस, शस्त्रक्रिया जवळून पाहिलेला, स्वतः कधी न केलेला. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर त्याने रेक्टरला निजवलं. जखम उघडी धरायला चमचे वाकवले, ईथरसाठी चहाची गाळणी घेतली, आणि निर्जंतुक करायला टॉर्पेडोतलं अल्कोहोल काढलं. अपेंडिक्स निघालं, रेक्टर बरा होऊन कामावर गेला. ही बातमी लिहिणाऱ्या जॉर्ज वेलरला पुलित्झर मिळालं. नौदलातले डॉक्टर मात्र भडकले होते, मदतनिसाने सुरी हातात घेतलीच कशी म्हणून. लाइप्सला रीतसर पदक मिळालं ते २००५ मध्ये. रेक्टर तोपर्यंत नव्हता, १९४४ मध्ये दुसऱ्या एका पाणबुडीबरोबर तो बुडाला.

लाइप्सच्या धाडसाचं कौतुक आहेच, पण या कुळकथेत मोठा वाटा आहे तो नाव नसलेल्या हजारोंचा. शांतता झाल्यावर ही मुलं घरी परतली. त्यांना हत्यारं ओळखता येत होती, निर्जंतुक कपडा कुठे शिवायचा नाही ते कळत होतं, आणि रुग्णालयांना परिचारिकांची चणचण होती. त्यांना थिएटरमध्ये घेतलं गेलं, शिकवणं मात्र ज्याचं त्याचं. एका रुग्णालयात एक रीत, दुसऱ्यात दुसरी. अमेरिकेतल्या थिएटर परिचारिकांची संघटना १९४९ मध्ये निघाली होती. तिच्याच पुढाकाराने या तंत्रज्ञांची वेगळी संघटना १९६९ मध्ये झाली आणि १९७० मध्ये पहिली प्रमाणपत्र परीक्षा. सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट हे आजचं नाव सत्तरच्या दशकातलं.

शिकवतात काय? ब्लेड दांड्यावर बोटांनी चढवायचं नाही, आर्टरी फोर्सेप्सने किंवा नीडल होल्डरने धरून चढवायचं. सुई नीडल होल्डरमध्ये पकडायची ती टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर, आणि सर्जन डावखुरा असेल तर तोंड उलटं. कात्री द्यायची ती कड्या तळहातावर येतील अशी, जरा आवाज होईल इतक्या ठामपणे, म्हणजे सर्जनला जखमेवरची नजर हलवावी लागत नाही. सुरी हातातून हातात नाही, किडनी ट्रेमधून. अपेंडिक्स कापताना ज्या हत्यारांचा आतड्याशी संबंध आला ती निराळ्या भांड्यात, परत ट्रॉलीवर घ्यायची नाहीत. हर्नियाला जाळी लागणार असेल तर ती कुणी, कधी आणि कोणत्या मोज्यांनी हाताळायची. सिझेरियनला गर्भाशय शिवण्याआधी एक मोजणी जादा. हे पुस्तकातून येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासक्रमाने किमान १२० शस्त्रक्रियांची अट घातली आणि त्यातल्या ८० मध्ये विद्यार्थ्याने मुख्य मदतनीस म्हणून उभं राहायला हवं असं ठरवलं. कोपऱ्यात उभं राहून बघितलेल्या केस धरत नाहीत. मुख्य मदतनीस कुणाला म्हणायचं याचीही व्याख्या आहे : सामान तपासणं, ट्रॉली लावणं, हत्यारं देणं, निर्जंतुकपणा राखणं, आणि मोजणी.

मला विचाराल तर सगळा जीव त्या शेवटच्या कामात आहे. देणं हे हुकमाचं काम. मोजणीला मात्र हुकूम थांबवावा लागतो. गॉझ, रक्त टिपायचे मॉप, सुया, हत्यारं सुरुवातीला मोजायची, पोट बंद करण्याआधी मोजायची, कातडी शिवताना परत. जुळलं नाही तर थिएटरमधल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाने सर्वांत मोठ्या माणसाला म्हणायचं, सर, एक मॉप कमी आहे. समोरचा थकलेला, उशीर झालेला, पुढची केस बाहेर तयार.

या क्षणाचा अभ्यास ज्यांनी केला त्यांतलं एक नाव आपल्या ओळखीचं आहे. अतुल गावंडे यांचा जन्म अमेरिकेतला, वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गावंडे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, रुग्णाच्या शरीरात वस्तू राहून गेलेली ५४ प्रकरणं तपासली. ६९ टक्के वस्तू गॉझ-मॉप जातीच्या. तातडीच्या शस्त्रक्रियेत धोका सुमारे नऊ पट, ऐनवेळी बेत बदलला तर चौपट. अंगावर येते ती वेगळी गोष्ट : मोजणी झालेल्या बहुतेक प्रकरणांत ‘मोजणी बरोबर’ अशीच नोंद होती. कुणी खोटं लिहिलं असं नव्हे. घाईत माणूस जे असायला हवं तेच मोजतो. म्हणून मॉप एकेक सुटा करून, दोघांनी मिळून, मोठ्याने मोजायचा नियम. आता मॉपला बारकोड आणि रेडिओ चिपही लावतात, तरी मोठ्याने मोजणं सुटलेलं नाही.

पुढे गावंडे जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया तपासणी-यादीच्या कामात पुढे होते. १९ मुद्द्यांची ही यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं, असे आकडे २००९ मध्ये छापले गेले. त्या यादीत शेवटी मोजणी आहेच, पण पहिला छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असंही कलम आहे. वरवर बालिश वाटतं. पण एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा उघडायला कमी कचरतो. मॉप कमी आहे हे सांगायला तेवढंच लागतं.

आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी, दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये ट्रॉली लावणारे अजूनही बरेचदा ‘मामा’ असतात. वॉर्डबॉय म्हणून लागले, डॉक्टरांच्या हाताखाली शिकले, आणि आज सिझेरियनला हात धुऊन ट्रॉलीपाशी उभे राहतात. डॉक्टरांना कोणतं हत्यार कधी लागेल हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळतं. कागदावर मात्र ते कुणीच नसतात. मोठ्या शहरांत ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजीचे पदविका आणि पदवी अभ्यासक्रम निघाले, आणि केंद्राच्या २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात थिएटर तंत्रज्ञ हा व्यवसाय म्हणून नोंदला गेला. नोंदणी, किमान शिक्षण, राज्य परिषद हे सगळं त्यात आलं. मामांचं काय करायचं, हा प्रश्न आता राज्यांपुढे आहे. पंधरा-वीस वर्षं ट्रॉली लावलेल्या माणसाला परीक्षेला बसवायचं की त्याच्याकडून शिकणाऱ्या पोरांना आधी त्याच्यामागे उभं करायचं? माझं मत विचाराल तर दोन्ही करावं, आणि परीक्षेत हत्यारांची नावं कमी विचारून एक प्रश्न हमखास घालावा : सर्जन म्हणतायत शिवून घेऊ, आणि तुमच्या हिशेबात एक मॉप कमी आहे. काय बोलाल?