गोल्फ कोर्स रोज इतका नीटनेटका कसा राहतो?

टीव्हीवर गोल्फ लागलं की आधी नजरेत भरतं ते गवत. गालिचा अंथरल्यासारखं. पण दिवसभर लोक ज्यावर चालतात, काठीने मारतात, ते मैदान दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच कसं दिसतं?

दिवस सुरू होतो पहाटे

पहिला खेळाडू येण्याआधी कर्मचारी कामाला लागलेले असतात. होलभोवतीच्या गुळगुळीत भागाला 'ग्रीन' म्हणतात. तिथलं गवत साधारण ३ मिलिमीटरवर कापतात. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, जवळपास तेवढीच उंची. मशीनचं पातं बोथट असेल तर गवत कापलं न जाता फाटतं, टोकं तपकिरी पडतात आणि रोग लवकर लागतो. म्हणून पात्यांना धार लावणं हेही रोजच्या देखभालीतलंच काम.

पानांवरचं दवही झटकतात. पानं बराच वेळ ओली राहिली तर बुरशी वाढते.

होलची जागा का बदलते?

होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. प्रत्येक जण तिथपर्यंत जातोच, त्यामुळे आजूबाजूचं गवत झिजतं. म्हणून गर्दीच्या कोर्सवर होल वरचेवर हलवतात. नव्या जागेतून निघालेला मातीचा गोल तुकडा जुन्या खड्ड्यात बसवतात.

खेळणाऱ्यांचं काम काय?

गोल्फच्या नियमावलीतला नियम १.२ खेळाडूंकडूनही कोर्सची काळजी घेण्याची अपेक्षा करतो. म्हणजे नेमकं काय?

- फटक्याने उडालेला गवताचा तुकडा परत जागेवर लावणं.
- वाळूच्या खड्ड्यातून, म्हणजे बंकरमधून, बाहेर पडताना आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने सारखे करणं.
- चेंडू पडून ग्रीनवर झालेली खळगी बुजवणं. इथे बरेच जण चुकतात. माती खालून वर उचकटली तर मुळं तुटतात. कडेचं गवत मध्याकडे ढकलायचं आणि हलकं दाबायचं.

कोर्सलाही सुट्टी लागते

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स मोठ्या स्पर्धा वगळता रविवारी खेळासाठी बंद असतो. लोक तिथे फिरायला येतात, कुत्रे आणतात. १८६५ मध्ये इथल्या देखभालीची जबाबदारी घेतलेले ओल्ड टॉम मॉरिस गवतावर वाळू पसरण्याच्या पद्धतीसाठी ओळखले जातात. वाळूमुळे पृष्ठभाग सपाट होतो, पाणी साचत नाही. ही पद्धत आजही जगभर वापरली जाते.

हिरवंगार म्हणजेच चांगलं का?

खरा प्रश्न पाण्याचा आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या महाराष्ट्रात तर तो कुणालाही पडेल. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर २ या कोर्सने २०१० नंतर वेगळी वाट धरली. कडेचं पाणीखाऊ गवत काढून तिथे वाळू आणि स्थानिक झुडपं आणली, पाणीही कमी केलं. २०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन सलग दोन आठवड्यांत याच तपकिरी-हिरव्या मैदानावर झाली.

म्हणजे नीटनेटकेपणा फक्त रंगावर ठरत नाही. ग्रीन सपाट, बंकर सारखे केलेले, कचरा उचललेला आणि मुळं निरोगी असतील, तर थोडं तपकिरी गवतही चालतं. पाणी वाचतं ते वेगळंच.