किल्ली कधी खाली ठेवायची?

मंडळी, २००३ च्या ऑगस्टमध्ये मी मास्टर्ससाठी शिकागोला आलो, तेव्हा ओहेअर विमानतळावर मामा आपली गाडी घेऊन हजर होते. आज मामा ८२ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाहून परतताना त्यांना लाल सिग्नल दिसलाच नाही. नशिबाने चौक मोकळा होता. दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला, “तू समजाव रे त्यांना. माझं ऐकत नाहीत.”

मी पडलो आयटीवाला. आधी नियम शोधायचा, मग बोलायचं! म्हणून थोडा इतिहास चाळला.

अमेरिकेत गाडी चालवायला लायसन्स हवं, असं प्रथम १९०३ साली मॅसॅच्युसेट्स आणि मिझुरी या राज्यांनी ठरवलं. गंमत म्हणजे मिझुरीत परीक्षा सुरू व्हायला १९५२ साल उजाडलं! लायसन्सची सक्ती करणारं शेवटचं राज्य साउथ डकोटा, तेही १९५४ साली. ब्रिटनमध्ये लायसन्स १९०४ पासून, पण नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली १ जून १९३५ ला. म्हणजे गाडी कोणी चालवावी हे ठरवण्यातच अर्धं शतक गेलं. थांबायचं कधी, याचं उत्तर मात्र आजही राज्याराज्यांत वेगळं आहे.

दरम्यान १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या इंटरस्टेट रस्त्यांची योजना आली. शहरं पसरली, दूध आणायलाही गाडी लागू लागली. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेली आपली पिढी अशाच सबर्बमध्ये स्थिरावली. मामा त्यांतलेच, १९७१ साली आलेले.

मी येण्याच्या महिनाभर आधी, १६ जुलै २००३ ला, कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या बाजारात ८६ वर्षांच्या एका गृहस्थांची गाडी गर्दीत घुसली. दहा माणसं गेली. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या प्रिन्स फिलिप यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपणहून लायसन्स परत केलं.

आमच्या इलिनॉयमध्ये ठराविक वयानंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला गाडी चालवून दाखवावी लागते. ही अट आधी ७५ व्या वर्षापासून होती, मग ७९ झाली. २०२५ च्या कायद्याने ती १ जुलै २०२६ पासून ८७ वर नेली. त्याच कायद्याने जवळच्या नातेवाइकांना चालकाविषयी सरकारला कळवण्याची सोयही दिली. हे वाचून मी थबकलो. ज्यांनी मला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवली, त्यांच्याबद्दल घरच्यांनी सरकारला कळवायचं?

शेवटी पिठलं-भाकरी पुढ्यात असताना मीच विषय काढला. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रात्रीची गाडी आजपासून बंद. पण मला सांग, मंडळात नेणार कोण? हिला डॉक्टरकडे नेणार कोण?”

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. इतके दिवस मी फक्त नियम शोधत होतो.

आता त्यांच्या फ्रिजवर एक वेळापत्रक लावलंय. शनिवारची भाजी आणि मंडळाचे कार्यक्रम माझ्याकडे, डॉक्टर माझ्या बायकोकडे. दिवसाची किल्ली अजून मामांच्याच खिशात आहे. पुढच्या महिन्यात डोळ्यांची तपासणी झाली की पुन्हा बोलायचं ठरलंय.

तुमच्याही घरी असे एखादे मामा असतील. किल्ली मागायला जाल, तेव्हा असं वेळापत्रक बरोबर घेऊन जा.