बत्ती, बंदूक आणि बांधावरचा कॅमेरा

गेल्या वर्षी गणपतीला भाचा अमेरिकेहून आला, तो माझ्यासाठी एक ठोकळा घेऊन आला. अर्ध्या विटेएवढा, अंगावर झाडाच्या सालीसारखी नक्षी, समोर एक भिंग आणि मागे खोडाला आवळायचा पट्टा. "मामा, हा कॅमेरा. बांधावर बांधून ठेवा. रात्री कोण येतं ते आपोआप कळेल."

भाचा मिशिगन राज्यात नोकरीला आहे. तिथे १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम सुरू होतो आणि त्या दिवशी कित्येक गावांत शाळांना सुट्टी असते. हंगामाच्या आधीपासून शिकारी मंडळी रानात असे कॅमेरे बांधतात. हरणे कोणत्या वाटेने येतात, किती वाजता येतात, त्यांत मोठ्या शिंगांचा नर आहे की नाही, हे आधी हेरून ठेवायचे. त्याच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांकडे हे यंत्र आहे. मामाचे फोनवरचे रडगाणे ऐकून त्याने एक मलाही आणले.

रडगाणे असे होते. खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला आमचे वडिलार्जित भातशेत आहे. सलग दोन सुग्या खालच्या अंगाचे भात कोणीतरी खाऊन जात होते. चिखलात खुरांचे ठसे असायचे, पण पावसाने ते विस्कटलेले. शेजारच्या अण्णांची दोन वासरे दाव्याला टिकत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी मनाशी निकाल लावून टाकला आणि एक दिवस बांधावर उभा राहून तो बोलूनही दाखवला. अण्णा घरी कानडी बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि रागावले म्हणजे काहीच बोलत नाहीत. ते काहीच बोलले नाहीत. चाळीस वर्षांचा शेजार त्या दिवसापासून अबोल झाला.

मी इतिहासाचा मास्तर. पुराव्याशिवाय विधान करू नये, असे मुलांना सांगण्यात हयात गेली. स्वतःच्या बांधावर मात्र मी ते विसरलो होतो.

असो. कॅमेरा हातात घेऊन बसलो आणि मला आठवली ती वडिलांची बत्ती.

वडिलांकडे पीकरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. पिके पोटरीला आली, की ते रात्री माळ्यावर बसत. १९६५च्या सुमारास, दहा वर्षांचा असताना, एकदा मीही हट्टाने गेलो. बत्ती माझ्या हातात होती. वडिलांनी खुणावले, मी झोत फिरवला आणि बांधापलीकडे दोन हिरवट निखारे पेटले. भेकर होते. पळाले नाही. प्रकाशाकडे बघत खिळल्यासारखे उभे राहिले. मग बार झाला आणि ते निखारे विझले. दुसऱ्या दिवशी घरात सगळे जेवले, मीही जेवलो. पण ते उभे राहणे काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

रात्री हिंडणाऱ्या अनेक जनावरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक पापुद्रा असतो. आत आलेला प्रकाश तो परत फिरवतो, म्हणून त्यांना अंधुक उजेडात दिसते आणि म्हणूनच बत्तीच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात. शिकाऱ्याने नेमक्या याच गुणाचा घात केला. ही युक्ती केवळ आपल्याकडची नव्हे, हे मला कॅमेऱ्याचा इतिहास चाळताना कळले. गंमत म्हणजे हा इतिहास भाच्याच्या मिशिगनमध्येच सुरू होतो.

लेक सुपीरियर या प्रचंड सरोवराच्या परिसरात ओजिब्वे नावाचे आदिवासी लोक राहतात. रात्री होडीच्या नाळेवर आगटी पेटवायची, आवाज न करता पाण्यावरून सरकत जायचे आणि काठावर पाणी प्यायला आलेले हरीण उजेडाने खिळले की मारायचे, अशी त्यांची जुनी रीत होती. गोऱ्या शिकाऱ्यांनी ती उचलली. आगटीच्या जागी कंदील आला, बाणाच्या जागी बंदूक. जॉर्ज शायरस (तिसरे) हे त्यांतलेच एक. जन्म १८५९चा, पिट्सबर्गकडचे वकील घराणे, वडील पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुलगा पोरवयापासून व्हाइटफिश लेक नावाच्या तळ्यावर शिकारीला जात असे.

१८८०च्या दशकाच्या शेवटी शेवटी या माणसाने बंदूक खाली ठेवायला सुरुवात केली आणि कॅमेरा उचलला. होडी तीच, तळे तेच, कंदील तोच. अंधारात दोन डोळे चमकले की घोडा ओढण्याऐवजी मॅग्नेशियमची पूड पेटवायची. धडाका व्हायचा, लख्ख उजेड पडायचा आणि हरीण काचेच्या पट्टीवर उमटून जिवंत रानात पळून जायचे. ही पूड बेभरवशाची आणि धोक्याची. तरी शायरस मागे हटले नाहीत. पुढे त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. वाटेवर आडवा दोरा ताणून ठेवायचा. जनावराचा पाय लागला की कॅमेरा आणि उजेड दोन्ही एकदम सुटतील. फोटो काढणारा घरी झोपलेला आणि हरणाने स्वतःच स्वतःचा फोटो काढलेला! माझ्या बांधावरच्या ठोकळ्याचा हा पणजोबा.

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात शायरस यांच्या रात्रीच्या चित्रांना सुवर्णपदक मिळाले. १९०६च्या जुलै महिन्यात 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्यांची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. तोवर ते भूगोलाचे गंभीर नियतकालिक होते. त्याचे चित्रांचे पुस्तक होऊ लागले, म्हणून संचालक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले म्हणतात. ते दोघे गेले आणि चित्रे राहिली. मधल्या काळात, १९०३ ते १९०५, शायरस अमेरिकेच्या काँग्रेसचे सभासद होते. स्थलांतरी पक्ष्यांना केंद्र सरकारचे संरक्षण मिळावे, असे विधेयक त्यांनी १९०४ साली मांडले. ते तेव्हा बारगळले, पण त्याच वाटेने १९१३चा कायदा झाला. ज्या माणसाने नेम धरायचे सोडले, त्याने पुढे कायदा धरला.

आपल्या देशात हा दोरा ताणला तो एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्याने. संयुक्त प्रांतात शिवालिकच्या जंगलांत त्यांची नेमणूक होती. साहेबाने वाघ मारून त्यावर पाय ठेवून फोटो काढायचा, असा तो काळ. चॅम्पियन वाघांच्या वाटेवर दोरा लावून येत. १९२५ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्यांचे रात्रीचे वाघ छापून आले, तेव्हा जिवंत, मोकळा, आपल्या कामाला निघालेला वाघ लोकांनी पाहिला. १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. ही चित्रे पाहून जिम कॉर्बेट यांनाही कॅमेऱ्याची ओढ लागली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, हे चॅम्पियन यांनी फोटो शेजारी शेजारी ठेवून ओळखले होते.

त्या निरीक्षणाचे खरे चीज व्हायला साठ-पासष्ट वर्षे जावी लागली आणि ते झाले आपल्या कर्नाटकात. ज्ञानपीठ मिळालेले कानडी लेखक शिवराम कारंत आपल्या भागात मराठी घरांनाही ठाऊक आहेत. त्यांचे चिरंजीव उल्हास कारंत यांनी १९९०च्या सुमारास नागरहोळेच्या जंगलात स्वयंचलित कॅमेरे बांधले. पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा, तो पुन्हा किती वेळा फोटोत येतो ते पाहायचे आणि त्यावरून, फोटोत न आलेले धरून, एकूण किती असतील याचे गणित मांडायचे. १९९५ साली त्यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. तोवर देशात पंजांच्या ठशांवरून वाघ मोजत. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते. २००५ साली कळले की रानात एकही उरलेला नाही. त्यानंतर देशाची गणना कॅमेऱ्यावर आली. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यांतले वाघाचे ७६,६५१. बाकीच्यांत हरणे, रानडुकरे, गवे, गुरे आणि माणसेही.

वाघाचे एवढे कौतुक, पण कारंत यांचा हिशेब हरणांपासून सुरू होतो. एका वाघाला वर्षाकाठी हरणाएवढी पन्नासेक जनावरे लागतात. म्हणजे पाचशे हरणांच्या मागे एक वाघ टिकतो. आमच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेले. त्याला लागून गोव्याची म्हादई. तिथे वाघ राहायचा असेल, तर आधी सांबर राहिले पाहिजे. सांबर आपली हद्द नकाशावर बघून ठरवीत नाही. आपल्या भागात ही सवय फक्त जनावरांनाच उरली आहे.

आता माझ्या प्रयोगाकडे येतो. पहिल्या आठवड्यात ३१२ फोटो निघाले आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा भाताचे. हे यंत्र समोरच्या उष्णतेतली हालचाल टिपते. उन्हाने तापलेली पाती वाऱ्याने डुलली तरी ते फसते. शिवाय मी त्याचे तोंड पूर्वेला केले होते, त्यामुळे सकाळचे फोटो म्हणजे नुसता पांढरा गोळा. मग तोंड उत्तरेला केले, समोरचे गवत छाटले. दुसऱ्या खेपेस ते फार उंच बांधले. फोटोत एक शेपूट आले, कोणाचे ते कळेना. तिसऱ्या खेपेस कमरेएवढ्या उंचीवर, वाटेला थोडे तिरपे बांधले. आठ सेल नवे घातले. दहा दिवसांनी कार्ड काढले.

मध्यरात्रीनंतर २ वाजून १७ मिनिटे. भातात गुडघाभर उभी सांबराची मादी, मोठे कान ताठ आणि मागे पिल्लू. दिव्याचा उजेड माणसाला न दिसणारा, पण डोळे मात्र चमकलेले. तेच दोन निखारे, या वेळी पांढरे आणि शेजारी छोटे दोन. साठ वर्षांनी पुन्हा मी बत्ती धरली होती, पण या वेळी बार झाला नाही. पुढच्या फोटोत ती निवांत चरत होती. माझे भात चरत होती, हे कळूनही मला राग येईना.

त्यानंतरचा फोटो पाहून मात्र मी खुर्चीत ताठ बसलो. ३ वाजून ४० मिनिटे. माझ्या शेतात अण्णा. डोक्यावर घोंगडे, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. सांबराला माझ्या भातातून हुसकून लावताहेत. आणखी दोन रात्रींचेही तसेच फोटो. ज्या माणसाशी मी बोलत नव्हतो, तो रात्री उठून माझे पीक राखत होता.

संध्याकाळी फोटो घेऊन त्यांच्या जोत्यावर गेलो. काय बोलावे सुचेना. फोटो पुढे धरले आणि म्हटले, "अण्णा, चुकलं माझं."

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. "कडवे," म्हणाले. सांबराला कानडीत कडवे म्हणतात. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमच्यातनं उठली की माझ्यातच येतात की री. म्हणून हाकलत होतो." थोडे थांबून, "होगली बिडरी." जाऊ द्या हो. आतून चहा आला.

फोटोंची बातमी गावात पसरली. दोन दिवसांनी एक ओळखीचा तरुण दारात आला. सांबराचे फोटो बघितले, वाहवा केली आणि सहज विचारावे तसे विचारले, "सर, साधारण किती वाजता येतं ते?"

मी शिकाऱ्याचा मुलगा. त्या प्रश्नातला बार मला ऐकू आला. १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली खरी, पण सवयी कायद्याइतक्या लवकर बंद होत नाहीत. आणि मला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याची आठवण झाली. तिथे २०२२च्या आरंभापासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी आहे. जनावराची वाट आणि वेळ घरबसल्या कळायला लागली, की शिकार शिकार राहत नाही, असे तिथल्या शिकाऱ्यांतल्याच अनेकांना वाटते. ज्या यंत्राने शायरस यांची बंदूक सुटली, तेच फिरून बंदुकीच्या सेवेला लागले होते.

"वेळ?" मी म्हटले. "अरे, त्यातलं घड्याळच लावायला विसरलो."

पुरावा दडवणारा मास्तर मी प्रथमच झालो. त्या रात्री फोटोंतल्या वेळा पुसून टाकल्या आणि कॅमेरा सोडून आणला. यंदा तो अण्णांच्या बांधावर आहे. कार्ड काढायला आम्ही दोघे मिळून जातो.